दारातली ज्वालामुखी बेटे

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या प्रवाशाचा पहिला टप्पा एके काळी समुद्रातून असे, हे आज कोणाला चटकन खरे वाटणार नाही. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईच्या धक्क्यावर होडीत बसायचे, बंदर ओलांडायचे, घारापुरीचे बेट मागे टाकून पनवेलच्या खाडीत शिरायचे आणि पनवेलला उतरून बोरघाटाची वाट धरायची, असा तो मार्ग होता. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेल बंदराची वर्दळ आणखी वाढली. पुढे आगगाडी आली, बंदर मागे पडले. आजच्या पनवेलकराला द्रुतगती महामार्ग ठाऊक असतो, लोकलचे वेळापत्रक पाठ असते. पण आपल्या दारात समुद्र आहे आणि त्या समुद्रात ज्वालामुखीच्या खडकाची बेटे उभी आहेत, याचा त्याला बहुधा विसर पडलेला असतो.

ज्वालामुखी बेटे म्हटली की गॅलापागोस किंवा हवाई डोळ्यांसमोर येते. जहाजातून उतरणारे पर्यटक, काळे खडक, कुठेही न दिसणारे पक्षी आणि प्राणी. त्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते, अशीही आपली समजूत असते. ती पूर्ण खरी नाही. सकाळी पनवेलहून निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरावर असा एक दिवस आपली वाट पाहत असतो. मात्र तिथे काय पाहायचे, हे कळण्यासाठी आधी पायाखालचा दगड समजून घ्यायला हवा.

जगाच्या नकाशावरचे पनवेल

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्रात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा एखादा डोंगर फुटावा असा हा प्रकार नव्हता. लाव्हा पसरला, थिजला, काही काळ गेला, पुन्हा नवा थर आला. उद्रेकांचा मुख्य जोर साधारण दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, असे आजचे संशोधन सांगते. तरीही सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात आहे आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग या खडकाने व्यापलेला आहे. यालाच 'दख्खनचे ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. माथेरान किंवा प्रबळगडाकडे पनवेलहून पाहिले की डोंगरावर आडव्या पायऱ्या दिसतात. त्यांतली प्रत्येक पायरी म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा एकेक थर होय.

दोन थरांच्या मध्ये कधी हजारो वर्षांची शांतता असे. तळी साचत, झाडे उगवत, प्राणी येत. वरळीच्या खडकांत सापडलेले चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म ही त्या शांततेचीच खूण. एकोणिसाव्या शतकातच ते शास्त्रज्ञांच्या हाती लागले होते. आपल्या परिसरातल्या वन्यजीवांची ही सर्वांत जुनी नोंदवही म्हणता येईल.

पनवेलचा यात खास मान आहे. सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. परंतु पनवेलच्या आसपास ते एकाएकी पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झुकू लागतात. काही ठिकाणी हा कल दहा-पंधरा अंशांहून अधिक भरतो. जाड सतरंजीची कड ओट्यावरून खाली लोंबावी, तसे हे दृश्य आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूशास्त्रज्ञ जॉन बिकनेल ऑडन यांनी १९४९ मध्ये या वाकाविषयी लिहिले आणि 'पनवेल फ्लेक्शर', म्हणजेच पनवेलचा वाक, हे नाव भूशास्त्रात रूढ झाले. ज्यांनी पनवेल कधी पाहिले नाही असे अनेक देशांतील अभ्यासक आपल्या गावाचे नाव जाणतात, ते यामुळे.

थर का वाकले? त्या काळात भारताच्या पश्चिमेला आजची सेशेल्स बेटे जोडलेली होती. ती तुटून दूर जाऊ लागली तेव्हा किनाऱ्याचे भूकवच ताणले गेले, त्याला तडे पडले आणि पश्चिमेचा भाग खचला. कोकणातील गरम पाण्याच्या झऱ्यांचा संबंधही खडकातील अशाच खोल तड्यांशी जोडला जातो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत स्नान करणाऱ्याला खाली ज्वालामुखी धगधगत असावा असे वाटते. प्रत्यक्षात पाणी तड्यांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वर येते. आपल्याकडचा ज्वालामुखी केव्हाच शांत झाला आहे.

तो विझला म्हणण्यापेक्षा आपण त्याच्यापासून दूर आलो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला आणि ज्या तप्त स्थानावरून दख्खनचा लाव्हा आला असे मानले जाते, ते मागे राहिले. आज ते हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. शेजारचे मॉरिशस बेटही त्याच तप्त स्थानाने सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी घडवले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे एका अर्थाने आपल्याच डोंगराच्या धाकट्या भावंडावर जाऊन वसली.

डोंगर बुडाले, बेटे उरली

घारापुरी समुद्रातून वर आलेली नाही. ती मुळात डोंगर होती आणि समुद्र तिच्याभोवती आला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती. आज जिथे मुंबई बंदर आहे तिथे तेव्हा कोरडी दरी होती. बर्फ वितळले, समुद्र दरीत शिरला, सखल भाग पाण्याखाली गेले आणि उंच माथे बेटे होऊन राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली उभ्या झाडांचे बुंधे सापडले. त्यांत खैराची झाडे होती, आणि खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. जमीन बुडाल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

बुडालेल्या या दरीत आजही पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या पुढे जातो. म्हणून बेटाच्या सहलीचा दिवस ठरवताना सुटीबरोबरच तिथीही पाहावी. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या मंडळींचा एक सोपा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, दुपारी तीनच्या आसपास ओहोटी. जाताना भरलेले बंदर आणि येताना उघडा पडलेला किनारा, अशी दोन्ही रूपे एकाच दिवशी पाहायची तर द्वादशी-त्रयोदशी सोयीची. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास असते. तेव्हा बेटावर उतरलेल्या माणसाला किनाऱ्यावरचे जीवन दिसतच नाही. ते पाण्याखाली असते.

लाँचच्या कठड्यावरून

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीपर्यंतचा लाँचचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. पावसाळ्याच्या दिवसांत ही वाहतूक समुद्राच्या लहरीवर अवलंबून असते आणि लेणी सोमवारी बंद असतात. लाँचवर चढताच जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाच्या वेगवान बोटीची प्रवासी लाँचला धडक बसली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. तो दिवस विसरण्यासारखा नाही.

हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी पूर्वेला नजर टाकावी. समुद्राच्या पलीकडे उरण-न्हाव्याच्या टेकड्या, त्यांच्यामागे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि त्याहून मागे माथेरान-प्रबळची सपाट माथ्यांची रांग. उत्तरेला ट्रॉम्बेची टेकडी. हे सारे एकाच लाव्हाच्या कुळातले. आपण चालतो आहोत ते पाणी आणि समोरचा डोंगर यांत फरक एवढाच, की एकावर समुद्र चढला आणि दुसऱ्यावर नाही.

लाँचच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. ते कुरव. काही तपकिरी डोक्याचे, काही काळ्या डोक्याचे. मात्र थंडीत त्यांच्या डोक्याचा रंग उतरलेला असतो आणि कानामागे फक्त काळसर ठिपका उरतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी वीण करतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरतात. एवढ्या दूरच्या पाहुण्याला आपण वेफर्स आणि कुरमुरे चारतो. मुलांना त्यात गंमत वाटते. पक्ष्याला मात्र परतीच्या प्रवासासाठी मासे आणि किडे यांतून मिळणारी ताकद हवी असते, तळलेले मीठ नव्हे. तेव्हा पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि हात आवरावा.

काळ्या दगडाचे बेट

धक्क्यावर उतरल्यावर बहुतेक पावले थेट पायऱ्यांकडे वळतात. तत्पूर्वी किनाऱ्यावरचा एखादा दगड निरखून पाहावा. त्यात बारीक छिद्रे दिसतील. लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकला, त्याच्या या जागा. काही छिद्रे रिकामी आहेत, तर काहींत पांढरे स्फटिक भरलेले आहेत. पुढे खडकात मुरलेल्या पाण्याने आणून ठेवलेली ती खनिजे. थराच्या वरच्या अंगाला अशी छिद्रे जास्त असतात, गाभा मात्र घट्ट आणि एकसंध असतो. लेणी खोदणाऱ्या कारागिरांना हा फरक चांगलाच ठाऊक असला पाहिजे. सहाव्या शतकाच्या सुमारास त्यांनी इथे सुमारे एकोणचाळीस मीटर लांबी-रुंदीचे मुख्य लेणे कोरले आणि मागच्या भिंतीत सुमारे वीस फूट उंचीचा सदाशिव घडवला. वरून दगड आणून रचलेला नाही. जो नको होता तो काढून टाकला आणि लाव्हाच्या थरातून देव उरला. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही या वस्त्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर वीजवाहिनी टाकल्यावर. तोपर्यंत जनरेटर चालेल तेवढाच उजेड. बेटावर राहणे म्हणजे काय, याची कल्पना सहलीला आलेल्या माणसाला एवढ्या एका गोष्टीवरून यावी.

ओहोटी लागली की बेटाची खरी गजबज सुरू होते. काळ्या खडकांवर कालवे चिकटलेली असतात. खडकांच्या फटींतून खेकडे बाहेर येतात. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेला चिमुकला नर खेकडा ती नांगी वर-खाली हलवत मादीला बोलावतो आणि शेजारच्या नराला धमकावतो. चिखलावर निवट्या उड्या मारतात. हा मासा असूनही पाण्याबाहेर वावरतो. कल्ल्यांत पाणी धरून आणि ओल्या त्वचेतून श्वास घेऊन तो ओहोटीचे तास काढतो. काठाला तिवरांची दाटी. त्यांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी असतात, कारण चिखलात हवा नसते. यांच्याच कुळरीतीची चिपी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. या मुळांच्या जाळीत कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. पनवेल-उरणच्या ताटातला जिताडा खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये ये-जा करणारा मासा आहे. कांदळवन गेले तर त्याचा पाळणाच जातो.

आणि हा चिखल आला कुठून? गाढी, कासाडी, उल्हास या नद्या सह्याद्रीच्या उतारावरून दर पावसाळ्यात जो गाळ आणतात, तो इथे बसतो. सह्याद्री लाव्हाचा. म्हणजे निवटीच्या पोटाखालचा हा काळा, मऊ चिखल झिजलेला ज्वालामुखीच आहे. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर रोहित जगतो. रोहित पक्ष्याला मराठीत अग्निपंख असेही सुंदर नाव आहे. लाव्हापासून अग्निपंखापर्यंतची ही साखळी साडेसहा कोटी वर्षांची आहे आणि तिचा शेवटचा दुवा गुडघाभर चिखल आहे.

दोन तऱ्हेची बेटे

भारतात शंकूच्या आकाराची खरीखुरी ज्वालामुखी बेटे अंदमानच्या समुद्रात आहेत. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दक्षिण आशियातील एकमेव जागृत ज्वालामुखी होय. दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला आणि त्यानंतरही अधूनमधून धूर व लाव्हा ओकत राहिला आहे. पर्यटकांना तो जहाजावरूनच पाहता येतो. त्याच्या उत्तरेचे नारकोंडम बेट अवघे सात चौरस किलोमीटरचे. तिथला नारकोंडम धनेश जगात दुसरीकडे कुठेही निसर्गात आढळत नाही. दूरच्या बेटांवर एकांतात जीव वेगळे घडतात. पण तिथेच ते सर्वाधिक असुरक्षितही असतात. मॉरिशसच्या डोडोला माणसाशी गाठ पडल्यानंतर शंभर वर्षेही टिकता आले नाही.

घारापुरीला असा स्वतःचा धनेश नाही. तिचे वैभव एकांताचे नसून नात्यांचे आहे. लडाखचा कुरव, कच्छकडून येणारा रोहित, सह्याद्रीचा गाळ आणि अरबी समुद्राची भरती यांची इथे गाठ पडते. म्हणून तिला धोका आहे तो ही नाती तुटण्याचा.

चिखलाचे मोल

ठाणे खाडीच्या पश्चिम भागाला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येथे लाखाहून अधिक रोहित जमतात, अशा नोंदी आहेत. घारापुरीच्या लाँचमधून ते सहसा जवळून दिसत नाहीत. त्यासाठी शिवडीचा किनारा किंवा ऐरोलीहून निघणारी वनविभागाची बोटफेरी बरी.

या पक्ष्यांना दोन जागा लागतात, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ओहोटीला ते उघड्या चिखलावर चरतात. भरती आली की चिखल बुडतो. मग त्यांना उभे राहायला उथळ पाण्याचे दुसरे ठिकाण हवे असते. नेरुळची तळी, उरणचे पाणजे ही अशी विसाव्याची ठिकाणे. खाडीला संरक्षण मिळाले आणि ही ठिकाणे भरली गेली किंवा त्यांत भरतीचे पाणी येणे बंद झाले, तर पक्ष्याचे अर्धे घर गेलेच. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात उतरणाऱ्या विमानाला थडकून चाळीसच्या आसपास रोहित मेले. एका अपघातावरून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नाही. तथापि विसाव्याच्या जागा आक्रसल्या की पक्षी अवेळी आणि आडवाटेने उडतात, अशी काळजी पक्षिप्रेमींनी तेव्हा बोलून दाखवली.

या खाडीच्या भोवती गेल्या चार दशकांत प्रचंड कामे झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर तिथून प्रवासी विमाने उडू लागली. या विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी फोडून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि फोडलेल्या दगडाने सखल भाग भरून उंच केला गेला. टेकडी झिजून तिचा चिखल व्हायला निसर्गाला लाखो वर्षे लागतात. आपण काही वर्षांत टेकडी फोडून त्या चिखलावर टाकली.

ही कामे नकोच होती, असे म्हणणे सोपे आहे. पण लोकलला लोंबकळणाऱ्या पनवेलकराला पूलही हवा आहे आणि रोजगारही. प्रश्न यापुढचा आहे. जे भरले ते भरले. जे उरले आहे, ते मोजून राखणार की एकेक तळे 'पडीक जागा' म्हणून सोडून देणार? १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निर्वाळा दिला. हा विचार केवळ पक्ष्यांपुरता नाही. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी कुठे जाते, हे २६ जुलै २००५ ला मुंबई आणि रायगडने अनुभवले आहे. त्या पाण्याला विसावायला हाच चिखल, हीच तिवरे लागतात. पक्ष्याची आणि आपली गरज इथे एकच आहे.

दुपारच्या परतीच्या लाँचमध्ये हे सारे उलट क्रमाने दिसते. घारापुरीची टेकडी मागे सरते, पाणी उतरलेले असते आणि सकाळी जिथे नुसता समुद्र होता तिथे काठाने काळपट पट्टा उघडा पडलेला असतो. त्या पट्ट्यावर बगळे, तुतवार वेचण्यात गढलेले असतात. सकाळी तो पट्टा दिसला असता तर आपण त्याला चिखल म्हटले असते. आता तो सह्याद्री आहे, हे आपल्याला ठाऊक झालेले असते. संध्याकाळी पनवेल स्थानकावर उतरून प्रबळगडाच्या पायऱ्यांकडे पाहताना एवढे आठवले, तरी दिवस सार्थकी लागला असे समजावे.